लग्नाच्या याद्या करता, मग परतीची यादी का नाही?

प्रति,
बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या समेट समितीचे अध्यक्ष व सर्व सदस्य, आणि घरोघरच्या बैठकांत मध्यस्थी करणारी वडीलधारी मंडळी यांस,

सा. न. वि. वि.

मागच्या महिन्यात समितीने एक ठराव केला. "घटस्फोट झाल्यानंतर उभय पक्षांमधल्या वस्तूंच्या देण्याघेण्यात समिती पडणार नाही. दोन्ही घरांनी मोठ्या मनाने मागचं विसरून पुढे जावं." तो फलकावर लागला, व्हॉट्सॲपच्या गटांत फिरला आणि त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. ठरावात माझं नाव नाही. पण तो माझ्या अर्जावर झालेला आहे, हे आपल्याला माहीत आहे आणि मलाही. मी तीनदा लेखी अर्ज दिला. उत्तर म्हणून हा ठराव आला.

हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे, कारण ठरावही उघडपणेच लागला आहे. मंडळाचं नाव मी लिहीत नाही आणि कुणा माणसाचंही नाही. मला कुणाची बेअब्रू करायची नाही. मला माझ्या वस्तू हव्या आहेत. आणि माझ्यामागून ज्या मुली तुमच्या समोरच्या सतरंजीवर बसतील, त्यांच्याकडून माझ्यासारखी सही घेतली जाऊ नये, असंही मनापासून वाटतं.

माझं लग्न 2009 सालचं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी याद्या झाल्या, तेव्हा आपल्यातलेच दोघं ज्येष्ठ मध्ये बसले होते. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, वर 'श्री गजानन प्रसन्न' लिहिलं. वरमाईची साडी कोणती, मानपान किती जणांचा, सीमांतपूजन कुणाकडे, जेवणावळीचा खर्च कुणी किती उचलायचा, सगळं एकेक ओळ घालून लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. दोन्हीकडच्या सह्या झाल्या आणि मग पेढा फिरला. तो कागद आईने अजून जपून ठेवला आहे. विहिणीच्या पायांवर किती भांडी दूध घालायचं हे सुद्धा ज्या समाजात लिहून ठेवतात, त्याच समाजात लग्न मोडताना मुलीच्या वस्तूंची एक ओळही लिहिली जात नाही. माझं सारं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

ऑक्टोबर 2021 मध्ये मी ते घर सोडलं. का सोडलं, ते इथे सांगणार नाही. ती गोष्ट न्यायालयात संपली आहे आणि मुलीच्या वडिलांबद्दल चारचौघांत बोलावं असं मला वाटत नाही. एवढंच सांगते की रात्रीची वेळ होती. 181 या महिला हेल्पलाइनला फोन केला, त्यांच्या 'अभयम' सेवेच्या गाडीतून ताई आल्या, त्यांनी आम्हां दोघींना नीट बाहेर आणलं. अंगावरचे कपडे, मुलीचं दप्तर आणि माझी पर्स. कपाटाची चावी सुद्धा मागे टेबलावर राहिली. 'एवढं महत्त्वाचं होतं तर त्याच दिवशी का नाही नेलं?' असं मला बैठकीत विचारलं गेलं. दहा वर्षांची मुलगी हात घट्ट धरून उभी असताना कपाट उघडून दागिने मोजत बसायचं नसतं, एवढंच त्याचं उत्तर आहे.

पुढे वर्षभर बैठका झाल्या. आपसांत संमतीने वेगळं व्हायचं ठरलं. जुलै 2023 मध्ये अर्ज दाखल झाला, मार्च 2024 मध्ये हुकूमनामा मिळाला. वकिलाने समजुतीचा करार गुजरातीत तयार करून आणला होता. त्यात सातवं कलम असं होतं: "बंने पक्षे पोतपोतानी चीजवस्तुओ संभाळी लीधेल छे अने हवे एकबीजा पासे कशुं लेवानुं बाकी नथी." म्हणजे दोघांनीही आपापल्या वस्तू ताब्यात घेतल्या आहेत आणि आता एकमेकांकडून काहीही घ्यायचं बाकी नाही. आपण सगळे बडोद्याचे, गुजराती काही आपल्याला परकी नाही. मी ते वाचलं आणि म्हटलं, "पण मी अजून काहीच घेतलेलं नाही." समोर आपल्यातलेच एक काका होते. त्यांना मी लहानपणापासून काकाच म्हणते. त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "बाळ, हा कायद्याचा नुसता मायना असतो. तू कर सही. वस्तू मिळतील, मी आहे ना."

मी सही केली.

एप्रिलमध्ये वस्तू आणायला गेले. कुलूप बदललेलं होतं. दाराआडून उत्तर आलं, "कसल्या वस्तू? सगळं मिळालं असं तूच लिहून दिलंयस." परत काकांकडे आले. ते म्हणाले, "आता कोर्टाचा निकाल लागला. आमच्या हातात काय आहे?" पोलीस ठाण्यात गेले, तर तिथल्या जमादारांनी तेच सातवं कलम बोटाने दाखवलं आणि 'दिवाणी मॅटर आहे, बेन' म्हणून अर्जी ठेवून घेतली. काकांना मी खोटं ठरवत नाही. त्या दिवशी ते मनापासूनच बोलले असतील. पण त्यांच्या शब्दावर मी सही केली, आणि त्या सहीचा दगड आता माझ्याच दारात आहे.

तिथे काय राहिलं आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी विचारलंच नाही. 'दागिने वगैरे' म्हणून विषय पुढे गेला. म्हणून सांगते.

सोनं चौदा तोळे. चार तोळ्यांच्या पाटल्या, तोडे, बोरमाळ, एक मोहनमाळ, नथ. मांडवीतल्या सोन्याच्या पेढीची बिलं बाबांनी फाइलला लावून ठेवली होती, ती माझ्याकडे आहेत. चांदीची दोन ताटं, वाट्या, समई, अत्तरदाणी-गुलाबदाणी. गौरीहराला पुजलेली अन्नपूर्णा. ती तीन बोटं उंचीची पितळेची मूर्ती आहे. भंगारात तिला कुणी पन्नास रुपये देणार नाही. पण माझ्या आजीने ती तिच्या गौरीहरात पुजली, आईने तिच्या, मी माझ्या, आणि मुलगी सासरी जाते तेव्हा ही अन्नपूर्णा तिच्याबरोबर जाते हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मग मुलगी परत येते तेव्हा अन्नपूर्णा कुणाकडे राहायची? बैठकीत मी हे विचारलं होतं. कुणी काही बोललं नाही.

माझी मूळ कागदपत्रं: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, विद्यापीठाची पदवी, पासपोर्ट, मुलीच्या जन्मदाखल्याची मूळ प्रत. पदवीची दुसरी प्रत काढायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांनाच कळेल. गेल्या वर्षी एका शाळेत संगीतशिक्षिकेची जागा निघाली होती. मूळ कागद पडताळणीला वेळेत दाखवता आले नाहीत. ती जागा गेली.

मुलीच्या बारशाचे वाळे आणि बिंदल्या. त्या माझ्या नाहीत आणि तिच्या वडिलांच्याही नाहीत, त्या तिच्या आहेत. तिच्या लहानपणाचे फोटो एका हार्डडिस्कवर आहेत. मी त्यांची फक्त नक्कल मागितली आहे. मूळ त्यांनी ठेवावेत, ते वडील आहेत.

आणि तंबोरा. 1886 साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या देखरेखीखाली जी गायनशाळा काढली, ती आज विद्यापीठात फॅकल्टी म्हणून चालते. मी तिथे शिकले. दुसऱ्या वर्षाला असताना शिकवण्यांच्या पैशातून मिरजेहून हा बायकी तंबोरा आणला. त्याचा भोपळा मी स्वतः निवडला आहे. लग्नाच्या सात वर्षं आधीची ही वस्तू, कुणाच्या देण्यातली नाही, माझ्या कमाईची. तंबोरा कपाटात पडून राहिलेल्या साडीसारखा नसतो. तारा ताणलेल्या राहिल्या तर दांडी वाकते, ओल लागली तर भोपळा जातो, आणि भोपळा गेला की वाद्य गेलं. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला, तळमजल्यांत पाणी शिरलं, ती रात्र आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. ते घर तळमजल्यावरचं आहे. मी त्या रात्री निरोप पाठवला, "माझं काही देऊ नका, पण तंबोरा तेवढा माळ्यावर चढवा." निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तो माळ्यावर गेला की पाण्यात उभा राहिला, मला आजवर माहीत नाही.

माझ्याकडे त्यांचं जे होतं ते मी दिलं. पर्समध्ये स्कूटरचं आरसी बुक होतं, ते दिलं. सासूबाईंनी लग्नात घातलेल्या दोन बांगड्या त्या रात्री हातात होत्या. सासरकडून वधूला घातलेलंही कायद्याने वधूचंच असतं. पण त्या त्यांच्या सासूबाईंच्या होत्या, म्हणून मी आपण होऊन परत केल्या. आपल्यापैकीच दोघांसमोर त्या सोनाराकडे वजन करून घेतल्या गेल्या आणि पावतीवर माझी सही घेतली गेली. वजन, पावती, साक्षीदार, सगळं तेव्हा बरोबर जमलं होतं. माझ्या वस्तूंच्या वेळी ते का जमू नये?

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार त्या सातव्या कलमाबद्दल. 'वस्तू मिळाल्या' हे वाक्य वस्तू मिळण्याआधी लिहून घेणं म्हणजे पैसे न देता पावती फाडून घेणं. आपल्यापैकी कुणीही दुकानात असं करणार नाही. आणि हा नुसता मायना नसतो. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या एका प्रकरणात निकाल दिला. घटस्फोटित मुलीचे दागिने परत मिळावेत म्हणून तिच्या वडिलांनी सासरच्यांवर गुन्हा नोंदवला होता. तो न्यायालयाने रद्द केला. एक कारण असं की स्त्रीधन मुलीचं एकटीचं, तिने अधिकार दिल्याशिवाय वडीलही ते मागू शकत नाहीत. आणि घटस्फोटाच्या वेळच्या लेखी करारात वस्तूंचा निवाडा होऊन गेला होता, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. म्हणजे कागदावर काय लिहिलं होतं याला वजन असतं. आपण म्हणालात तसा तो रिकामा मायना नव्हता.

त्याच निकालातून माझी दुसरी तक्रारही निघते. पाच बैठका झाल्या, त्यांपैकी चार माझ्या वडिलांशी आणि मामांशी झाल्या. मी आतल्या खोलीत चहा गाळत होते. बाबांना मोहनमाळ आणि बोरमाळ यांतला फरक सांगता येत नाही, तंबोऱ्याच्या तारा किती ते माहीत नाही. त्यांनी 'जाऊ दे, मुलगी सुखरूप आली' म्हटलं आणि ते 'मुलीकडच्यांची संमती' म्हणून नोंदलं गेलं. ती संमती देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. माझ्या बाबांवर माझं प्रेम आहे, पण सोनं माझं होतं.

मध्ये एकदा रोख रक्कम घेऊन विषय मिटवा असा प्रस्ताव आला. आकडा बिलावरचा, 2009 चा. तेव्हा तोळा पंधरा हजारांच्या आसपास होता, आज तो लाखाच्या कितीतरी पुढे गेला आहे. चौदा तोळ्यांचे त्या भावाने जेवढे होतात, त्यात आज दोन तोळे सुद्धा यायचे नाहीत. हा हिशोब मांडणारे स्वतः व्यापारी आहेत. त्यांना हे कळत नव्हतं असं मी कसं मानू?

आणि 'वस्तूच तर आहेत' हे वाक्य. पाच बैठकांत मी ते किती वेळा ऐकलं याची गणती नाही. वस्तूच असतील तर द्यायला इतकं जड का जावं? मागणाऱ्याला लोभी म्हणायचं आणि अडवून बसलेल्याला शब्द लावायचा नाही, हा न्याय नव्हे. ठरावातलं 'दोन्ही घरांनी मोठं मन' हे शब्द वाचले तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. त्या घराचं माझ्याकडे काहीही उरलेलं नाही. मन मोठं करायला उरली एकटी मीच.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात मांडते, कारण 'हे भावनेचं प्रकरण आहे' असं मला सांगितलं गेलं आहे.

स्त्रीधन ही स्त्रीची संपूर्ण मालकीची मालमत्ता. 1985 साली प्रतिभा रानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं की सासरी ठेवलेलं स्त्रीधन हे विश्वासाने सोपवलेलं असतं, आणि ते परत न देणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. आज तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे. 2015 मध्ये त्रिपुरातल्या एका स्त्रीच्या खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं की स्त्रीधन अडवून ठेवणं हा चालू राहणारा अपराध आहे. ते परत मिळेपर्यंत तो रोज घडत असतो. म्हणून 'जुनं झालं, आता सोडा' हे म्हणणं टिकत नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये केरळच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन नवरा-बायकोची सामायिक मालमत्ता होत नाही. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तर ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्या बाईचं 89 पवन (एक पवन म्हणजे आठ ग्रॅम) सोनं होतं. पहिल्याच रात्री ते 'सांभाळायला' म्हणून सासूकडे गेलं होतं. तिला 25 लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. पण लग्न 2003 चं आणि अंतिम निकाल 2024 चा. एकवीस वर्षं. हा आकडा वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा आहे. त्याच्या कलम 19 मध्ये दंडाधिकारी स्त्रीधनच नव्हे, तर 'तिच्या हक्काची अन्य कोणतीही मालमत्ता' परत करायला सांगू शकतात. तंबोरा आणि पदवीचा कागद त्यात आले. पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं तोच कायदा सांगतो. ती वाट मी धरणार आहे. वकील म्हणतात, सातवं कलम आडवं येईल, पण सही कोणत्या परिस्थितीत झाली हे सिद्ध करता आलं तर मार्ग आहे. ते सिद्ध करणारे साक्षीदार कोण? आपणच. त्या दिवशी त्या खोलीत माझ्याखेरीज सात माणसं होती.

आणखी एक गोष्ट. प्रतिभा रानीचा निकाल आला त्याच 1985 साली, 2 ऑक्टोबरपासून, हुंडाबंदी कायद्याखाली एक नियम लागू झाला. लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची वेगवेगळी यादी करायची. वस्तू कोणती, अंदाजे किंमत काय, कुणी दिली, त्याचं नातं काय, आणि त्यावर दोघांच्या सह्या. चाळीस वर्षं झाली या नियमाला. आपण वधू-वर मेळावे भरवता, रुखवताच्या स्पर्धा घेता, परीक्षक बोलावून बक्षिसं देता. ही यादी करा असं एकाही मेळाव्यात मी ऐकलेलं नाही. याद्यांच्या कागदाशेजारी हा दुसरा कागद ठेवला असता, तर माझ्यासारख्यांना पंधरा वर्षांनी लग्नाच्या अल्बममध्ये भिंग घेऊन मोहनमाळेचे पदर मोजावे लागले नसते. मी ते केलं आहे. अल्बमही तिकडेच असल्यामुळे मावसबहिणीकडचे फोटो मागून आणून केलं आहे.

आपण बडोद्याचे आहोत याचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. हिंदू विवाह कायदा देशात 1955 साली आला. त्याच्या चोवीस वर्षं आधी, 1931 साली, या संस्थानात हिंदू स्त्री-पुरुषांना लग्नविच्छेदाचा कायदा मिळाला होता. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन 1927 साली पुण्यात भरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी आपल्या महाराणी चिमणाबाई होत्या. मंडळाच्या सभागृहात सयाजीराव महाराज आणि चिमणाबाई, दोघांच्याही तसबिरी आहेत. दर जयंतीला त्यांना हार घालण्याचा मान माझ्या गाण्याच्या वर्गातल्या मुलींना मिळतो आणि त्या तिथे प्रार्थना म्हणतात. ज्या गावाने लग्नातून बाहेर पडायचा दरवाजा इतक्या आधी उघडला, त्या गावाने बाहेर पडणारीचं सामान आत अडकू द्यावं, हे मला सोसवत नाही. तो ठराव त्याच सभागृहात, त्याच तसबिरींखाली झाला.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ठराव मागे घ्या. समितीला वस्तूंच्या वादात पडायचं नसेल, तर समेटातही पडू नका. सही होईपर्यंत मध्यस्थ आणि सही झाल्यावर त्रयस्थ, असं होता येत नाही.

यापुढे आपल्यासमोर होणाऱ्या कोणत्याही करारात 'वस्तू मिळाल्या' हे वाक्य प्रत्यक्ष वस्तू हातात आल्याशिवाय येऊ देऊ नका. त्याऐवजी यादी जोडा. कोणती वस्तू, कुठे आहे, कोणत्या तारखेपर्यंत, कुणासमोर द्यायची. दोन्हीकडचे दोन दोन साक्षीदार, दागिन्यांचं सोनाराकडे वजन, सगळ्याचं चित्रीकरण, यादीच्या तीन प्रती. न्यायालयातल्या शेवटच्या सहीच्या आधी हे पुरं झालेलं असावं. हे मुलींपुरतं नाही. मुलाच्या आईचे दागिने सुनेकडे राहिले असतील, त्याची कागदपत्रं अडकली असतील, तर त्यालाही हीच रीत लागू करा.

मूळ कागदपत्रं, औषधं, मुलांची पुस्तकं, रोजगाराची साधनं यांच्यासाठी शेवटच्या सहीपर्यंतही थांबू नका. पहिल्या बैठकीच्या आठवड्याभरात ती ज्याची त्याला मिळावीत. शिवणाचं मशीन अडवलं म्हणजे पोट अडवलं.

जिची वस्तू तिच्याशी बोला. समितीत आज एकही बाई नाही. किमान दोन घ्या, आणि मुलीला आतल्या खोलीतून बाहेर बोलावून सतरंजीवर बसवा.

पुढच्या मेळाव्यापासून भेटींच्या यादीचा छापील नमुना प्रत्येक घराला द्या. तो मराठीत आणि गुजरातीत तयार करून देण्याचं काम मी विनामूल्य करीन.

राहिलं माझं स्वतःचं. त्या दिवशी खोलीत असलेल्या सातही जणांना माझी हात जोडून विनंती आहे की घडलं तेवढंच लिहून द्या: सही झाली तेव्हा तिला एकही वस्तू मिळालेली नव्हती, आणि वस्तू नंतर मिळतील असं तिला सांगण्यात आलं होतं. मुलीच्या वडिलांविरुद्ध एक शब्दही लिहू नका. मला तो नको आहे. काका, आपण हे पत्र वाचाल याची मला खात्री आहे. 'मी आहे ना' असं आपण म्हणाला होतात. आपण आहात, म्हणूनच ही विनंती करते आहे.

हे पत्र प्रसिद्ध झाल्यापासून पंधरा दिवस मी वाट पाहीन. तेवढ्यात समितीपैकी दोघं माझ्याबरोबर त्या घरी आलात तर न्यायालयात जाण्याची गरजच पडणार नाही, आणि दोघांच्याही घरच्यांना ते बरं. वस्तूंची यादी, बिलांच्या प्रती आणि फोटो मी कार्यालयात देऊन ठेवले आहेत. कोणताही रविवार चालेल. टेम्पो लागणार नाही, सगळं मिळून एका रिक्षात मावेल. दागिन्यांचा डबा आईजवळ देईन, अन्नपूर्णा मुलगी हातात धरेल. तंबोऱ्यासाठी गवसणी मी नवी शिवून ठेवली आहे. आत काय अवस्थेत असेल ते असो, त्याला मी मांडीवर घेऊन येईन.

आपली,
दांडिया बाजारातली गाणं शिकवणारी एक मुलगी